बेलवर सुटला म्हणजे निवडणूक लढता येते का? (सावनेर, बँक घोटाळा, पैज)

तर्रीपोहा
राजेहो, एक भांडण मिटवून द्या. पैज दोन प्लेट तर्री-पोह्याची आहे. एक पार्टी म्हणते, हायकोर्टानं सुनील केदारांची (सावनेरचे काँग्रेस आमदार, नागपूर जिल्हा बँक घोटाळ्यात दोषी ठरलेले) शिक्षा थांबवली, माणूस बाहेर आला, म्हणजे पाटी कोरी. मग २०२४ ले सावनेरातून स्वतः उभं राहायचं सोडून बायकोले काऊन उभं केलं? दुसरी पार्टी म्हणते शिक्षा थांबली तरी डाग तसाच राहते. कलमासकट सांगा. "कायदा आंधळा असते" हे ठेल्यावर फुकटात मिळते, ते नको.

काळाकोट_सिव्हिललाइन्स
दुसऱ्या पार्टीला पोहे द्या.

शिक्षेला स्थगिती आणि दोषसिद्धीला स्थगिती या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दोन्हींचा उगम एकच, जुन्या सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम ३८९, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं ४३०. पण मागावं लागतं वेगवेगळं. शिक्षा स्थगित झाली की माणूस तुरुंगाबाहेर येतो, बस. "हा दोषी आहे" ही ओळ निकालपत्रात तशीच राहते, आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ८(३) नेमकी तीच ओळ वाचतं: दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की दोषी ठरल्या तारखेपासून अपात्र, आणि सुटकेनंतर आणखी सहा वर्षं.

या खटल्यात क्रम असा: २२ डिसेंबर २०२३ ला दोषी, पाच वर्षं सक्तमजुरी आणि दंड. आमदारकी लगेच गेली. शिक्षा थांबवायला सत्र न्यायालयाने नकार दिला, मग नागपूर खंडपीठाने ९ जानेवारी २०२४ ला शिक्षा थांबवून जामीन दिला. दोषसिद्धी थांबवायचा अर्ज वेगळा होता, तो ४ जुलै २०२४ ला हायकोर्टानेच फेटाळला. नोव्हेंबरच्या निवडणुकीआधी दार तिथेच बंद झालं. पुढे सावनेरात अनुजा केदार उभ्या राहिल्या आणि भाजपचे आशिष देशमुख जिंकले.

निकालाच्या दिवशीच आत का जावं लागलं, हेही लोक विचारतात. शिक्षा देणारं कोर्ट स्वतः जामीन देऊ शकतं ते साधारण तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेत. पाच म्हटलं की अपिलाच्या कोर्टाकडेच जावं लागतं. त्यात कोणाची खुन्नस नसते.

संत्रा_बर्फी
म्हणजे बेलवरचा माणूस सभा घेऊ शकते, मतदानही करू शकते (त्याच कायद्याचं कलम ६२(५) फक्त आत असलेल्याचं मत थांबवते), फक्त यंत्रावर त्याचं नाव नाही. लग्नात मांडव त्याचा, जेवण त्याचं, बोहल्यावर दुसराच.

एक शंका. खटल्यातल्या भादंवि ४०९ ले (सोपवलेल्या पैशाचा विश्वासघात) तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे ना? मग पाचच कशी? सेटिंग?

काळाकोट_सिव्हिललाइन्स
सेटिंग नाही, सीआरपीसीचं कलम २९. खटला अतिरिक्त मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालला. त्या पायरीवर सात वर्षांपेक्षा जास्त कैद देताच येत नाही, कलमात जन्मठेप लिहिली असली तरी. साध्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची हद्द तर तीन वर्षं. सातपैकी पाच म्हणजे कमी नाही.

सहकार_खातं
कलमांच्या नादात घोटाळा काय होता तेच राहून जाते. जिल्हा मध्यवर्ती बँकेनं २००१-०२ मध्ये सरकारी रोखे घ्यायला खाजगी दलाल कंपन्यांकडे पैसे दिले. त्यातली होम ट्रेड सगळ्यांच्या तोंडी, कारण तिच्या जाहिरातीत सचिन, शाहरुख आणि हृतिक तिघंही होते. शंभर कोटींच्या वर पैसे गेले, रोखे आले नाहीत, पैसेही परत आले नाहीत. केदार तेव्हा बँकेचे अध्यक्ष.

चूक नेमकी कुठं होते पाहा. रोखा हा कागद नाही, नोंद आहे. खरेदी खरी असेल तर रिझर्व्ह बँकेच्या एसजीएल खात्यात (सरकारी रोख्यांची नोंद ठेवणारं खातं), किंवा ज्याच्याकडे असं खातं आहे त्याच्यामार्फत, तुमच्या नावावर जमा दिसली पाहिजे. पैसे सुटायचे ते त्या जमेच्या बदल्यात, एकाच वेळी. इथं दलालाची कॉन्ट्रॅक्ट नोट हातात आली आणि पैसे दलालाच्या खात्यात गेले. कॉन्ट्रॅक्ट नोट म्हणजे "घेऊन देतो" असं लिहिलेली चिठ्ठी. ऑडिटरनं "रोखे दाखवा" म्हटलं की तीच चिठ्ठी पुढं होते. २००२ नंतर रिझर्व्ह बँकेनं सहकारी बँकांसाठी दोर आवळले: रोखे एसजीएल किंवा डीमॅटमध्येच ठेवायचे, दलालाच्या हाती पैसा द्यायचा नाही.

तुमच्या पतसंस्थेच्या आमसभेत हा एकच प्रश्न विचारा, "३१ मार्चचं होल्डिंग स्टेटमेंट कुठाय?" दलालाच्या लेटरहेडवरचा कागद निघाला तर ठेवी तपासा.

उलटतपासणी
खालच्या कोर्टाच्या एका निकालावर आमदारकी लगेच काढणं मला पटत नाही. जयललितांचं बघा. २७ सप्टेंबर २०१४ ला चार वर्षं, पद गेलं. ११ मे २०१५ ला हायकोर्टानं निर्दोष सोडलं आणि त्याच महिन्यात पुन्हा मुख्यमंत्री. मधल्या आठ महिन्यांचा हिशेब कोण देणार?

काळाकोट_सिव्हिललाइन्स
पुढचं पानही उलटा. फेब्रुवारी २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो निर्दोषपणा रद्द केला, सहआरोपी शशिकला आत गेल्या. तेव्हा जयललिता हयात नव्हत्या.

जुन्या ८(४) मध्ये तुम्हाला हवी ती सवलत होती: तीन महिन्यांत अपील टाका, अपील संपेपर्यंत खुर्ची शाबूत. इथं गुन्हा २००२ चा आणि निकाल २०२३ चा. अपिलाला त्याच्या निम्मा वेळ लागला तरी माणूस आमदार म्हणूनच निवृत्त झाला असता. १० जुलै २०१३ ला सुप्रीम कोर्टानं लिली थॉमस प्रकरणात ती सवलत काढली. ज्याच्यावर खरंच अन्याय होतो त्याला दोषसिद्धी थांबवायचा रस्ता आहे. राहुल गांधींना मार्च २०२३ मध्ये सुरतेत दोन वर्षं झाली, ४ ऑगस्टला सुप्रीम कोर्टानं दोषसिद्धी थांबवली, ७ ला खासदारकी परत. तिथं प्रश्न एका भाषणाचा होता, इथं ठेवीदारांच्या पैशांचा. कोर्ट हा फरक करतं आणि करावा.

उलटतपासणी
रस्ता आहे, पण दिल्लीपर्यंत वकील नेऊ शकणाऱ्यालाच. ग्रामपंचायतीतल्या माणसाले तो रस्ता दिसतही नाही. बाकी मुद्दा मान्य.

संत्रा_बर्फी
ती सहा वर्षं कधीपासून मोजायची? निकालापासून?

काळाकोट_सिव्हिललाइन्स
नाही, इथेच सगळे चुकतात. सहा वर्षं शिक्षा भोगून सुटल्यापासून. बेलवर बाहेर काढलेले दिवस शिक्षेत धरत नाहीत, म्हणजे घड्याळ सुरूच होत नाही. अपिलात सुटला तर सगळं पुसलं जातं. अपील हरला तर उरलेली शिक्षा आणि वरून सहा. अपील लांबवत बेलवर राहणं आमदारकीच्या दृष्टीनं सगळ्यात तोट्याचं.

एक चोरदरवाजा आहे, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ११: निवडणूक आयोग अपात्रतेची मुदत कमी करू शकतो. २०१९ मध्ये सिक्कीमचे मुख्यमंत्री प्रेमसिंह तमांग यांची सहा वर्षं आयोगानं एक वर्ष एक महिन्यावर आणली होती. वापर फार कमी, पण कलम जिवंत आहे.

तर्रीपोहा
मग सावनेरात पोटनिवडणूक काऊन झाली नाही?

काळाकोट_सिव्हिललाइन्स
त्याच कायद्याचं कलम १५१-अ. जागा रिकामी झाल्यावर विधानसभेची मुदत वर्षापेक्षा कमी उरली असेल तर गरज नाही. मुदत २६ नोव्हेंबर २०२४ ला संपत होती.

खटल्याची पुढची तारीख स्वतः बघायची तर ई-कोर्ट्सवर महाराष्ट्र, नागपूर, मग कोर्ट संकुल निवडा आणि पक्षकाराचं नाव नि वर्ष टाका. नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडंतिकडं झालं तर "रेकॉर्ड नाही" येतं, म्हणून आधी फक्त आडनाव. एकदा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक मिळाला की लिहून ठेवा, पुढं नावाची भानगड नाही. मूळ खटला आणि अपील यांचे सीएनआर वेगळे असतात. जुन्यावर "निकाली" दिसलं की लोक "केस संपली" म्हणून व्हॉट्सॲपवर टाकतात.

तर्रीपोहा
समजलं. पहिली पार्टी मीच होतो. हरलो, पण अपील करून राह्यलो आणि पोह्याच्या बिलाले स्थगिती मागतो.

संत्रा_बर्फी
बिल थांबन, हार नाही थांबत. सांभारवडी वरून वाढली तुले.