रात्री जागायचं कुणासाठी?

प्रश्न (कळवा): मे २०२५, युरोपा लीग या फुटबॉल स्पर्धेची फायनल. रात्री साडेबाराला सुरू. आई हॉलमध्ये झोपलेली, म्हणून टीव्हीचा आवाज बंद. आपलं मँचेस्टर युनायटेड टॉटनहॅमकडून ०-१ हरलं. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्येही पंधरावे, ४२ गुण! पगार मात्र काही खेळाडूंना आठवड्याला लाखो पौंड. चिडून जर्सी पलंगाखाली कोंबली. असल्यांना विकून का टाकत नाहीत?

नेरुळकर: घेणार कोण? तेवढा पगार दुसरा क्लब देत नाही. मग करार संपेपर्यंत पोसा, नाहीतर थोडा पगार आपणच भरून खेळाडू दुसऱ्या क्लबला उसना (लोनवर) द्या.

घोडबंदरवाला: युनायटेडचा ब्राझिलियन विंगर अँटनी बघ. २०२२ मध्ये साडेनऊ कोटी युरो मोजले. स्पेनच्या बेटिस क्लबला उसना गेला आणि तिथे गोल मारायला लागला! आता बोल.

नेरुळकर: जर्सी काढ रे आधी.

प्रश्नकर्ता: उशीर झाला. आईने फरशी पुसायला घेतलीय.