नेवाळीची धावपट्टी : आपल्या घरातील आठवणी येथे लिहाव्यात

कल्याणहून मलंगगडाकडे जाणारा रस्ता आणि काटई-बदलापूर रस्ता नेवाळी नाक्यावर एकमेकांना छेदतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२-४३ च्या सुमारास, ब्रिटिश सरकारने या परिसरातील शेतजमिनी ताब्यात घेऊन तेथे लष्करी विमानतळ बांधला. जपानी फौजा ब्रह्मदेशात उतरल्या होत्या आणि मुंबई बंदराच्या पाठीशी छावण्या व धावपट्ट्या उभारण्याची घाई चालली होती. युद्ध संपले, विमाने गेली, परंतु जमीन सरकारकडेच राहिली. सोळाशे एकरांहून अधिक असलेली ही जमीन आमची आहे असे नौदल म्हणते, तर ती युद्धापुरतीच घेतली होती आणि परत मिळायला हवी असे शेतकरी म्हणतात. वादाच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. विमानतळाखाली गेलेल्या शेतांची आणि त्या शेतांवर जगणाऱ्या घरांची हकीकत मात्र बातम्यांत येत नाही, म्हणून हा धागा काढला आहे. आपण पाहिलेले किंवा घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले कृपया सविस्तर लिहावे.

द्वारलीच्या एका शेतकऱ्याचा नातू

माझ्या आजीचे लग्न झाले तेव्हा सासरची जमीन गेलेली होती, तरीही तिला त्या जमिनीचा प्रत्येक तुकडा नावानिशी माहीत होता, कारण तिच्या सासूने तो तिला अनेकदा दाखवला होता. मी सात-आठ वर्षांचा असताना तिने मला माळावर नेले. चिंचेच्या एका जुन्या झाडापासून ती पावले मोजत चालू लागली, धावपट्टीच्या उखडलेल्या कडेला थांबली आणि म्हणाली, "हितं आपली विहीर होती." तेथे गवत आणि खडी यांखेरीज काहीही नव्हते. बांध सपाट केले, विहिरी बुजवल्या आणि आवणीला तयार झालेली रोपे राबातच राहिली, असे ती सासूच्या तोंडून ऐकलेले सांगत असे. विमानतळ हा शब्द तिने कधीच वापरला नाही. तिच्या लेखी ते अखेरपर्यंत "आपलं लांबट शेत" होते.

महसूल खात्यातून निवृत्त झालेला एक कर्मचारी

नेवाळीच्या कागदांशी माझा प्रत्यक्ष संबंध आला नाही, परंतु युद्धकाळात घेतलेल्या जमिनींची प्रकरणे मी अन्यत्र हाताळली आहेत, त्यावरून लिहितो. हिंदुस्थान संरक्षण कायदा १९३९ मधला. त्याखालच्या नियमांनुसार सरकार एखादी मिळकत गरजेपुरती ताब्यात घेऊ शकत असे; इंग्रजी कागदांत याला "रिक्विझिशन" म्हणतात. अशा ताब्यात मालकी मूळ धन्याचीच राहते आणि त्याला वापराचा मोबदला मिळतो. भूसंपादनात, म्हणजे "ॲक्विझिशन"मध्ये, मात्र किंमत देऊन मालकीच सरकारकडे जाते. बोलताना लोक दोन्हींना "सरकारने जमीन घेतली" असेच म्हणतात आणि घोळ तेथूनच सुरू होतो. युद्धानंतर असे ताबे चालू ठेवण्यासाठी १९४७ मध्ये आणि पुढे १९५२ मध्ये स्वतंत्र कायदे झाले, त्यामुळे युद्ध संपले म्हणजे ताबाही संपला, असे आपोआप झाले नाही.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि तिच्याविषयी क्वचितच बोलले जाते. कुळकायदा १९४८ चा आणि त्यातील कृषक दिन १ एप्रिल १९५७ चा. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो कायद्याने तिचा खरेदीदार मानला गेला. ज्यांची कसणुकीची जमीन लष्कराच्या ताब्यात होती, त्यांनी त्या दिवशी काय कसले असणार? अशा ठिकाणी मालकाचे नाव निदान जुन्या उताऱ्यावर तरी सापडते, परंतु कुळाचे नाव पुष्कळदा कोठेच सापडत नाही. म्हणून ज्यांच्या घरी त्या काळातील पावती किंवा नोटीस असेल त्यांनी ती जपावी, जुने फेरफार काढावेत आणि ताबा कोणत्या शब्दांत घेतला आहे ते मुळातून वाचावे.

उल्हासनगरचा एक रहिवासी

विमानतळाबरोबरच कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी उभी राहिली होती. फाळणीनंतर त्याच बराकींत सुमारे १ लाख सिंधी निर्वासित आले. त्यांत माझे आजोबा होते. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या वसाहतीला उल्हासनगर हे नाव दिले, तरी आम्ही अजून पत्ता सांगताना "कॅम्प नंबर तीन" असेच म्हणतो. युद्धासाठी बांधलेल्या बराकींनी आम्हांला घर दिले, आणि त्याच युद्धासाठी चार-पाच मैलांवरच्या लोकांची शेते गेली, ही गोष्ट मला चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हती.

भाल गावची एक माहेरवाशीण

आमच्या लहानपणी धावपट्टी म्हणजे गावाचे खळेच होते. वालाच्या शेंगा आणि भात सुकवायला तिच्यासारखी कोरडी, स्वच्छ जागा दुसरी नव्हती.

खरगपूरला शिकलेला एक अभियंता

युद्धकाळातील धावपट्ट्या मी बंगालमध्ये पाहिल्या. अमेरिकेच्या बी-२९ विमानांचा तळ खरगपूरच्या परिसरात होता. चाकुलिया, पियारडोबा अशा तळांवरून ५ जून १९४४ रोजी ९८ विमाने बँकॉकच्या मोहिमेवर निघाली आणि या विमानांची ती पहिली लढाऊ मोहीम होती. त्यांचे मुख्यालय हिजलीच्या बंदिशाळेच्या इमारतीत होते आणि त्याच इमारतीत १९५१ मध्ये आमची संस्था, आयआयटी खरगपूर, सुरू झाली. तेथे इतिहासाची नोंद निदान एका इमारतीपुरती तरी झाली आहे. नेवाळीत साधा फलकही नसावा याचे मला मनापासून वाईट वाटते.

नेवाळी पट्ट्यातील एक शिक्षिका

२२ जून २०१७ रोजी मी अंबरनाथहून घरी परतत होते. धावपट्टीच्या माळाभोवती नौदलाने भिंत बांधण्यास विरोध म्हणून लोक रस्त्यावर उतरले होते. रिक्षावाल्याने मला अलीकडेच उतरवले. टायर जळत होते, पोलिसांच्या गाड्यांना आग लागली होती आणि पुढे छऱ्यांच्या बंदुकाही चालल्या. जखमी गावकरीही होते आणि पोलीसही. मी शेताच्या बांधावरून चालत घरी पोहोचले, तेव्हा वडील कपाटावरचा पत्र्याचा डबा काढून बसले होते. त्या डब्यात त्यांच्या वडिलांना मिळालेली एक पावती आहे. वर महसूल खात्यातील गृहस्थांनी लिहिलेले वाचून काल मी ती प्रथमच उजेडात धरून पाहिली. कागद घडीवर फाटला आहे, मजकूर इंग्रजीत आहे आणि ज्या ओळीत जमीन कशासाठी व किती काळासाठी घेतली ते लिहिलेले असावे, त्याच ओळीवर पाण्याचा डाग पडला आहे. पहिले अक्षर "आर" असावे असे वाटते. वडील आता ८१ वर्षांचे आहेत. जुने हस्ताक्षर वाचू शकणारे कोणी कल्याण परिसरात असल्यास कृपया कळवावे, मी डबा घेऊन येईन.