मदत हवी आहे: पार्श्वसंगीताचे रिमास्टर केलेले आल्बम पुन्हा विकत घ्यावेत का?

मंद्रसप्तक
चित्रपटांच्या पार्श्वसंगीताचे बरेच आल्बम माझ्याकडे १९८५ ते १९९५ च्या सुमारास निघालेल्या सीडींवर आहेत. त्यांतल्या निम्म्यांच्या आता 'रिमास्टर्ड' (आवाजावर नव्याने काम केलेल्या) किंवा 'एक्सपांडेड' (संगीत वाढवलेल्या) आवृत्त्या आल्या आहेत, काही २४ बिट (सीडीच्या १६ बिटपेक्षा बारीक मोजमापाच्या) डाउनलोड म्हणूनही. सगळं पुन्हा घेणं परवडणारं नाही. घेण्याआधी नेमकं काय पाहायचं? आणि नवी घेतल्यावर ती खरंच वेगळी आहे का, हे नुसत्या कानांच्या भरवशावर न राहता कसं ठरवायचं? रिप करणं (सीडीवरून संगणकावर फाइल काढणं) आणि ऑडॅसिटी हा ध्वनिसंपादनाचा प्रोग्राम वापरणं जमतं.

टेपवाला
वेष्टनावरच्या 'रिमास्टर्ड' या शब्दाकडे लक्षच देऊ नका. जुनीच डिजिटल फाइल घेऊन आवाज चार-पाच डेसिबलने चढवला तरी तोच शब्द छापता येतो. बघायचं ते हे, की या वेळी कोणती टेप वापरली. पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर तांत्रिक श्रेय असतं, तिथे 'मूळ मल्टिट्रॅकवरून (वाद्यं वेगवेगळ्या पट्ट्यांवर असलेल्या टेपवरून) नव्याने मिक्स' किंवा '३५ मिमी मॅग्नेटिक फिल्मवरून ट्रान्स्फर' (ध्वनी भरलेल्या फिल्मवरून डिजिटलमध्ये उतरवलेलं) असं काही स्पष्ट लिहिलेलं असेल, तर घ्यायला हरकत नाही. टेपचा उल्लेखच नसेल तर थांबा.

यामागचं कारण असं. सुरुवातीच्या काळात पुष्कळ सीडी मूळ टेपवरून नव्हे, तर एलपी कापण्यासाठी केलेल्या प्रतीवरून निघाल्या. प्रतीची प्रत झाली की हिस, म्हणजे टेपचा मागे सतत येणारा 'स्स्स' आवाज, वाढतो. तशाच टेपवर एक पिढी खाली उतरलात की साधारण ३ डेसिबलने. शिवाय एलपीच्या खाचेत मावावं म्हणून त्या प्रतीत खर्ज आणि तार दोन्ही आवरलेले असायचे. अशा आल्बमची नवी आवृत्ती मूळ टेपवरून आली तर फरक पहिल्याच मिनिटात कळतो.

एक्सपांडेड आवृत्तीचा हिशोब वेगळा. एलपीच्या एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटंच मावत, त्यामुळे संगीत कापून बसवत, नाहीतर आल्बमसाठी वेगळं वाजवून घेत. 'जॉज'चा १९७५ चा आल्बम असाच वेगळा ध्वनिमुद्रित केलेला आहे. पडद्यावर ऐकू येतं ते वादन त्यात नाही. तिथे जुनं आणि नवं अशी तुलनाच होत नाही, ती दोन निरनिराळी वादनं आहेत आणि दोन्ही ठेवण्यासारखी आहेत.

एक सावधगिरी मात्र बाळगा. टेप दरवर्षी म्हातारी होते. अॅसिटेटच्या मॅग्नेटिक फिल्मला व्हिनेगरचा वास सुटतो, ती आकसते, वाकते आणि हेडला नीट टेकत नाही. मग व्हायोलिनचे लांब धरलेले वरचे स्वर मध्येच एका बाजूने मंद होतात आणि पुन्हा उजळतात. १९८६ चं ट्रान्स्फर तेव्हाच्या साध्या कन्व्हर्टरवर (ध्वनीचे आकडे करणाऱ्या यंत्रावर) झालेलं असूनही कधी कधी आजच्यापेक्षा सरस निघतं, ते यामुळे.

डेसिबल
टेपवाला यांच्याशी सहमत. आता मोजमाप.

आधी दोन्ही सीडी इग्झॅक्ट ऑडिओ कॉपी या प्रोग्रामने सिक्युअर मोडमध्ये (चुका तपासत) रिप करा आणि अॅक्युरेटरिपशी, म्हणजे इतरांच्या रिपच्या नोंदींशी, जुळतात का बघा. मग फूबार २००० या प्लेअर प्रोग्राममध्ये डीआर मीटर लावा; डीआर म्हणजे डायनॅमिक रेंज, शिखरं आणि सरासरी आवाज यांतलं अंतर. जुन्या ऑर्केस्ट्रा आल्बमचा आकडा साधारण १२ ते १६ येतो. नव्याचा ८ किंवा त्याखाली आला, तर शिखरं दाबली आहेत. मूळ टेप कितीही चांगली असो, ती आवृत्ती मी सुचवणार नाही. तुलना एकाच ट्रॅकची करा, अख्ख्या आल्बमच्या सरासरीची नको, कारण वाढीव ट्रॅक सरासरी हलवतात. एलपीवरून केलेल्या रिपचा डीआर आकडाही धरू नका. तेच मास्टर असलं तरी एलपीवर फेज (लहरींचा आपसातला मेळ) बदलल्यामुळे तो फुगतो.

ऐकण्याआधी दोन्ही ट्रॅक लाउडनेस नॉर्मलायझेशनने -२३ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं एकक) आणा. ही पायरी गाळली तर जो मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो.

ट्रान्स्फर खरंच नवं आहे का, हे ऑडॅसिटीत असं कळतं: दोन्ही ट्रॅक एकाखाली एक ठेवा, नमुन्यापर्यंत (ध्वनीच्या एकेका बिंदूपर्यंत) झूम करून पहिलाच ठळक ठोका जुळवा, आवाजाची पातळी सारखी करा, एक ट्रॅक इन्व्हर्ट (उलटा) करा आणि मिक्स करा, म्हणजे दोन्हींत सारखं असेल ते कटून जातं. जवळपास शांतता उरली, तर तीच जुनी फाइल तुम्हाला पुन्हा विकली आहे. पातळसर संगीत उरलं आणि सुरुवात-शेवट दोन्हीकडे ठोके जुळलेले राहिले, तर जुन्याच ट्रान्स्फरवर इक्वलायझर फिरवला आहे. आणि सुरुवातीला जुळवलेला ठोका तीन मिनिटांनी काही मिलिसेकंद सरकला, तर ट्रान्स्फर वेगळं. कोणतीही दोन टेप यंत्रं इतक्या काटेकोर एका वेगाने चालत नाहीत.

सुरावट
नॉइज रिडक्शनबद्दल, म्हणजे हिस पुसून काढण्याबद्दल, कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. डीआर आकडा उत्तम असतानाही याने आल्बम मरतो. ट्रॅकचा शेवट हेडफोनवर ऐका. शेवटचा स्वर थांबल्यावर दालनाचा घुमारा हळूहळू हिसमध्ये विरायला हवा. तो अचानक तुटत असेल, किंवा हिस स्वरांबरोबर येतो-जातो असं वाटत असेल, तर फार घासलं आहे.

स्पेक्ट्रोग्रामही (कोणत्या क्षणी कोणत्या उंचीचा आवाज आहे ते दाखवणारं चित्र) काढा. १५.६ किंवा १५.७ किलोहर्ट्झवर एक सरळ बारीक रेघ दिसली तर घाबरू नका. संगीत चित्राबरोबर वाजवताना स्टुडिओत जुने टीव्ही मॉनिटर चालू असत, त्यांची ती शिट्टी आहे. नव्या आवृत्तीत फक्त ती रेघ गेली असेल तर काम जपून केलं आहे. रेघेसकट वरचं सगळंच काळं झालं असेल तर नाही.

मंद्रसप्तक
खूप उपयोगी पडलं, सगळ्यांचे आभार. दोन शंका. १९८५-८६ च्या काही सीडी रिप केल्यावर फारच कर्कश वाटतात, प्लेअरवर तशा नाहीत. आणि २४ बिटचं काय?

डेसिबल
कर्कशपणा बहुधा प्री-एम्फसिसचा. त्या काळातल्या काही सीडींवर तार भाग मुद्दाम चढवून भरलेला असतो, १० किलोहर्ट्झला सुमारे ७.६ डेसिबल. प्लेअर तो आपोआप उतरवतो, रिप केलेल्या फाइलमध्ये तो तसाच राहतो. खूण कधी कधी फक्त सबकोडमध्ये (सीडीवर संगीताबरोबर भरलेल्या पूरक माहितीत) असते, त्यामुळे रिपरला दिसतेच असं नाही. सॉक्स या ध्वनिप्रक्रियेच्या प्रोग्राममध्ये 'डीएम्फ' हा इफेक्ट १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलवर चालवा आणि २४ बिटमध्ये साठवा. हे केल्याशिवाय जुन्या-नव्याची तुलना करू नका; 'जुनी सीडी पातळ वाजते' या तक्रारींमागे हे एक कारण असतं.

टेपवाला
२४ बिटसाठी म्हणून वेगळे पैसे देऊ नका. अॅनालॉग टेपची रेंज (हिसपासून सर्वांत मोठ्या आवाजापर्यंतचं अंतर) साधारण ६० ते ७५ डेसिबल आणि १६ बिटची ९६, म्हणजे टेप सीडीत आरामात मावते. डाउनलोडचं मास्टरिंग सीडीहून कमी दाबलेलं असेल तरच ते घ्या, आणि तेही स्पेक्ट्रोग्राम बघून: ९६ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये २२ किलोहर्ट्झवर भिंतीसारखी कड दिसली, तर ती सीडीच्याच दर्जावरून फुगवलेली आहे. टेपचा हिस त्याच्या वरही हळूहळू मावळत जातो.