आडनावाचा अर्थ आणि आडनावाचा उगम एकच असतो का?

शब्दवेल्हाळ (प्रश्न):
निरनिराळ्या भाषांतील आडनावे पाहताना एक गोष्ट ध्यानात आली. इंग्रजीतील स्मिथ, जर्मनमधील श्मिट, हंगेरियनमधील कोवाच, रशियनमधील कुझ्नेत्सोव, इटालियनमधील फेरारी आणि अरबीतील हद्दाद ही सारी आडनावे लोहारकामातून आलेली आहेत. शेती करणारे लोक लोहारांच्या कितीतरी पट अधिक असताना मान मात्र लोहाराला का मिळाला असावा? दुसरे असे, की आडनावाच्या शब्दार्थावरून मूळ पुरुषाचा व्यवसाय किंवा त्याचे गाव खात्रीने सांगता येते का? जाणकारांनी कृपया लिहावे.

जुनी वही:
आपला पहिला प्रश्न उलटा करून पाहिला, की त्यातच उत्तर सापडते. आडनाव ही मुळात एकाला दुसऱ्यापासून वेगळे करण्याची खूण होती. गावात जॉन नावाचे पाच जण असले आणि त्यांतले चार शेतकरी असले, तर ‘शेतकरी जॉन’ म्हणून कोणाचीच ओळख पटत नाही. पण भाता चालवणारा एकच असल्यामुळे ‘लोहार जॉन’ म्हटले की काम भागते. लोहार संख्येने थोडे होते म्हणूनच त्यांचे नाव टिकले.

गावावरून पडलेल्या आडनावांनाही हाच न्याय लागू होतो. लिओनार्दो दा विंची म्हणजे विंचीचा लिओनार्दो. पण खुद्द विंचीत ही ओळख निरुपयोगी, कारण तिथे सगळेच विंचीचे. त्यामुळे असे आडनाव बहुधा पूर्वज जिथे स्थिरावले ते नव्हे, तर जिथून निघाले ते गाव सांगते. (जहागीरदार घराण्यांची गोष्ट निराळी. ती आपल्या ताब्यातील गावाचे नाव तिथेच राहून लावीत.)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र ‘नाही’ असेच द्यावे लागेल, निदान आजच्या शब्दकोशाच्या भरवशावर तरी. इंग्रजीत ‘कावर्ड’ असे आडनाव आहे. आज त्या शब्दाचा अर्थ भित्रा असा होतो, पण आडनाव आले आहे ते ‘काउहर्ड’ म्हणजे गुराखी या शब्दापासून; भीतीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. ‘मार्शल’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सेनापती उभा राहतो, मात्र मूळ जर्मानिक शब्दाचा अर्थ घोड्यांची निगा राखणारा नोकर एवढाच होता.

अनुस्वार:
वडिलांच्या नावावरून आलेली आडनावे याहून फसवी असतात. ‘योहानान’ या हिब्रू नावाचा अर्थ ‘परमेश्वर कृपाळू आहे’ असा होतो. तेच नाव भाषेगणिक जॉन, इव्हान, हुआन, ज्यां, हान्स आणि अरबीत याह्या झाले, आणि त्यातून जॉन्सन, जोन्स, इव्हानोव, हान्सेन अशी आडनावे निघाली. म्हणून ‘हान्सेन’चा अर्थ ‘कृपावंत’ असा लावणे चुकीचे आहे. तो केवळ हान्सचा मुलगा. नामकोशांत ही गल्लत सर्रास आढळते.

वेल्श भाषेत ‘आप’ म्हणजे मुलगा. ‘आप रीस’ भरभर म्हणून पाहा, म्हणजे ‘प्राइस’ हे आडनाव कसे घडले ते कानालाच कळेल. त्याचा इंग्रजीतील किमतीशी संबंध नाही. ‘आप हॉवेल’चे पॉवेल आणि ‘अब ओवेन’चे बोवेन असेच झाले. आइसलँडमध्ये तर बहुतेक लोकांचे आडनाव आजही पिढीगणिक बदलते. योनचा मुलगा योन्सोन आणि मुलगी योन्सडोत्तिर, म्हणून तिथल्या छापील टेलिफोन डिरेक्टरीत नावे पहिल्या नावाच्या क्रमाने लावलेली असत.

काठावरचा:
वरील दोन्ही प्रतिसादांत एक गोष्ट राहून गेली आहे. पुष्कळ आडनावे लोकांच्या तोंडून नव्हे, तर सरकारी फर्मानातून आली. नेदरलँड्समध्ये नेपोलियनच्या राजवटीत १८११ साली आडनाव नोंदवण्याची सक्ती झाली, जपानमध्ये १८७५ साली आणि तुर्कस्तानात १९३४ च्या कायद्याने. मुस्तफा केमाल यांना ‘अतातुर्क’ म्हणजे तुर्कांचा पिता हे आडनाव तेव्हाच मिळाले. त्यांचे सहकारी इस्मत यांचे ‘इनोनू’ हे आडनाव एका गावाचे आहे खरे, पण ते ना तिथे जन्मले, ना तिथून निघाले. त्यांचा जन्म इझमीरचा. इनोनूला त्यांनी १९२१ साली लढाया जिंकल्या होत्या, म्हणून ते नाव त्यांना देण्यात आले. ‘जुनी वही’ यांचा नियम इथे लागू पडत नाही.

नेदरलँड्समधील ‘नाक्तखेबोरेन’ या आडनावाचा शब्दशः अर्थ ‘नागडा जन्मलेला’ असा होतो आणि नेपोलियनची टर उडवण्यासाठी लोकांनी अशी नावे मुद्दाम नोंदवली, अशी गोष्ट सांगितली जाते. अभ्यासक मात्र या आडनावाचा संबंध जर्मनमधील ‘नाखगेबोरेन’ या शब्दाशी जोडतात. त्याचा अर्थ पित्याच्या मृत्यूनंतर जन्मलेला. गोष्ट रंजक असली, की मला तरी आधी तिचाच संशय येतो.

शब्दवेल्हाळ:
सर्वांचे आभार. म्हणजे आडनाव केव्हा आणि कोणत्या भाषेत कायम झाले, हे आधी शोधायचे आणि मग शब्दकोश उघडायचा. मी नेमके उलटे करीत होतो.

जुनी वही:
इनोनूचे उदाहरण मान्य. ‘बहुधा’ हा शब्द घातला होता म्हणून वाचलो.