रॉयल शोबँड : एवढी लोकप्रियता असूनही आयर्लंडबाहेर नाव का नाही?

तालमाला :
आयर्लंडमधील शोबँडांविषयी, म्हणजे नृत्यगृहांत गाणी सादर करणाऱ्या गायक-वादकांच्या पथकांविषयी, वाचताना वॉटरफर्डच्या रॉयल शोबँडपाशी मी अडलो आहे. १९५७ साली ही मंडळी एकत्र आली आणि पुढच्या दशकात देशभर त्यांच्या नृत्यरात्रींना तोबा गर्दी होऊ लागली. २ एप्रिल १९६२ रोजी लिव्हरपूलच्या पॅव्हिलियन थिएटरमध्ये मुख्य कार्यक्रम त्यांचा होता आणि दुय्यम पथक होते बीटल्स. पुढे बीटल्सचे नाव घरोघर पोहोचले, रॉयलचे मात्र आयर्लंडबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही. शिवाय ते बहुतांशी दुसऱ्यांचीच गाणी गात. मग त्यांचे मोठेपण नेमके कशात मानायचे, आणि १९७१ नंतर हे पथक का टिकले नाही? जाणकारांनी कृपया लिहावे.

पडद्यामागे :
बीटल्सशी तुलना केली की रॉयलवर अन्याय होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांचा धंदा मुळात तबकड्यांचा नव्हता, नृत्यगृहांचा होता, आणि त्या हिशोबाने पाहिले तर त्यांच्या कारकिर्दीत काही उणे राहिले असे वाटत नाही.

त्या काळी आयर्लंडमध्ये गावोगावी, पुष्कळदा गावाबाहेरच्या मोकळ्या रानातही, मोठमोठी नृत्यगृहे उभी राहिली होती. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले अल्बर्ट रेनॉल्ड्स यांनी तर आपल्या भावाबरोबर अशा नृत्यगृहांची साखळीच चालवली. तेथे दारू मिळत नसे. लिमलेटसारखी पेये आणि चहा, एवढेच. मुली एका बाजूला, मुलगे दुसऱ्या बाजूला. तीन गाण्यांचा फेरा संपला की जोड्या मोडायच्या आणि मुलग्यांनी पुन्हा मधली मोकळी जागा ओलांडून, नकाराची धास्ती मनात घेऊन, विचारायला जायचे. अशा ठिकाणी येणाऱ्याला पथकाची स्वतःची रचना नको असे. रेडिओ लक्झेंबर्ग या लोकप्रिय गाण्यांच्या परदेशी केंद्रावर कालपरवा ऐकलेले गाणे हुबेहूब, समोर आणि नाचता येईल अशा ठेक्यात हवे असे. म्हणून रॉक अँड रोल, वॉल्ट्झ, जुनी आयरिश गीते, विनोदी नकला असे सगळे एकाच रात्री सादर करावे लागे, आणि त्यासाठी ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन, गिटार, ड्रम्स असा सात-आठ जणांचा ताफा लागे. जुने वाद्यवृंद खुर्च्यांवर बसून, समोर स्वरलिपीचे कागद ठेवून वाजवीत. उत्तर आयर्लंडमधील स्ट्रबेनच्या क्लिपर कार्लटन पथकाने ती बैठक मोडली आणि मंचभर हिंडत वाजवण्याची रीत आणली. रॉयलने त्या रीतीचा कळस गाठला.

पैशाचे गणितही समजून घ्यावे. नावाजलेली पथके ठरलेल्या बिदागीऐवजी दारावरच्या गल्ल्यात टक्केवारी मागत, त्यामुळे गर्दी खेचणाऱ्या पथकाची मिळकत झपाट्याने वाढे. रॉयलचे व्यवस्थापक टी. जे. बर्न या व्यवहारात वाकबगार होते. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात नृत्यगृहे बंद असत. तेव्हा पथके ब्रिटन-अमेरिकेतील आयरिश वस्त्यांमध्ये दौरे काढीत. वर्षभर काम आणि हमखास श्रोते असताना परक्या बाजारपेठेत नव्याने नाव कमावण्याची गरज त्यांना फारशी भासली नसावी.

तारस्वर :
वरील विवेचन मला बहुतांशी पटते, पण नकलेची किंमत मोजावी लागली, हेही नोंदवले पाहिजे. १९६३ मध्ये रॉयलला आयर्लंडमध्ये पहिले स्थान मिळाले ते एल्व्हिसच्या ‘किस मी क्विक’वर. १९६५ मधील ‘द हकलबक’ही मूळचे १९४० च्या दशकातील अमेरिकी गाणे, मात्र रॉयलचे गायक ब्रेंडन बोयर यांनी ते असे काही गायले की आयर्लंडमध्ये ते त्यांच्याच नावावर जमा झाले. त्यांचा दमदार आवाज आणि मंचावरची चपळाई यांना नक्कल म्हणणे मला जमत नाही. तरी ज्या तरुण वादकाला स्वतःचे काही वाजवायचे होते, त्याला या साच्यात गुदमरल्यासारखे होई. पुढे गाजलेले आयरिश गिटारवादक रोरी गॅलघर पोरवयात फोंटाना नावाच्या शोबँडमध्ये होते आणि पुढे त्यांनी स्वतःची ब्लूजची वाट धरली. त्यांची रंग उडालेली, जगप्रसिद्ध स्ट्रॅटोकॅस्टर गिटार रॉयलच्या जिम कॉनलन यांची होती. कॉर्कमधील क्राउलीच्या दुकानातून १९६३ साली गॅलघर यांनी ती जवळपास शंभर पौंडांना उधारीवर घेतली. शोबँडांनी आयर्लंडला वीजेवर चालणारी वाद्ये, ध्वनिवर्धक आणि पूर्णवेळ वादकाची नोकरी दिली. नंतरच्या आयरिश रॉकचा पाया त्यावर उभा आहे.

पडद्यामागे :
गिटारीचा मुद्दा अगदी योग्य. आता शेवटाविषयी. १९७१ मध्ये बोयर आणि टॉम डन्फी हे दोन्ही प्रमुख गायक बाहेर पडले आणि त्यांनी ‘बिग एट’ हे पथक काढले. वर्षातला बराच काळ ते लास व्हेगासमध्ये कार्यक्रम करीत. गायक गेल्यावर रॉयल सावरले नाही, पण तोवर पायाखालची जमीनच सरकू लागली होती. हॉटेले आणि मद्यालये नाचगाण्याची सोय करू लागली, जिथे नाचाबरोबर पेलाही मिळे, आणि डिस्कोमध्ये आठ जणांच्या ताफ्याचे काम एकटा माणूस तबकड्या लावून करू लागला.

१९७५ च्या जुलैअखेर डन्फी मोटार अपघातात गेले. त्याच आठवड्यात, ३१ जुलैच्या पहाटे, मायामी शोबँड हे दुसरे पथक उत्तर आयर्लंडमधील बॅनब्रिजहून डब्लिनकडे परतत असताना न्यूरीजवळ निष्ठावादी, म्हणजे उत्तर आयर्लंड ब्रिटनकडेच राहावे म्हणून लढणाऱ्या प्रोटेस्टंट, यूव्हीएफ संघटनेच्या बंदूकधाऱ्यांनी, सैनिकी गणवेशात खोटी नाकेबंदी करून, त्यांची गाडी अडवली. हल्लेखोरांपैकी काही ब्रिटिश लष्कराच्या स्थानिक रेजिमेंटमध्येही होते. गाडीत लपवला जात असलेला बॉम्ब आधीच फुटून त्यांचेच दोघे ठार झाले. मग उरलेल्यांनी गोळ्या झाडल्या. फ्रॅन ओ’टूल, ब्रायन मकॉय आणि टोनी गेराटी मारले गेले. वादकांमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघेही होते. त्यानंतर दक्षिणेतील पथके उत्तर आयर्लंडमध्ये जायला धजेनात आणि आधीच खिळखिळ्या झालेल्या धंद्याचा मोठा भाग तुटला. रॉयल मात्र त्यापूर्वीच थांबले होते, त्यामुळे दोन्ही घटनांची सरमिसळ करू नये.

तालमाला :
मनःपूर्वक आभार. ऐकायला सुरुवात कुठून करावी?

तारस्वर :
‘हकलबक’ आधी ऐका, पण लगोलग डन्फी यांनी गायलेले १९६२ चे ‘कम डाउन द माउंटन, केटी डेली’ही ऐका. एक अमेरिकी नाचाचे, दुसरे गावरान आयरिश चालीचे. ही दोन्ही एकाच पथकाकडून एकाच रात्री वाजत, हे लक्षात ठेवून ऐकल्यास आपल्या पहिल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळेल.