डोंगर हिरवा दिसला म्हणून खूश व्हायचं?

कडेकपारी : काल इथे एकाने लिहिलं, 'उपग्रह दाखवतोय डोंगर हिरवे होतायत, आता रडगाणी थांबवा.' वाचून डोकं फिरलं. एनडीव्हीआय, म्हणजे उपग्रहाने टिपलेल्या लाल आणि अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशावरून काढलेला हिरवाईचा आकडा, वाढला म्हणजे हिरवाई वाढली. कोणती, ते तो सांगत नाही. आल्प्समध्ये १९८४ ते २०२१ च्या उपग्रह चित्रांत वृक्षरेषेवरच्या (जिच्या वर झाडं वाढत नाहीत, त्या रेषेवरच्या) ७७ टक्क्यांहून जास्त भागात हिरवाई वाढलेली दिसली. पण खालच्या जोमदार जाती वर चढल्या की थंडीत तगणाऱ्या बुटक्या वनस्पतींनी जायचं कुठे? शिखराच्या वर डोंगर नसतो! याला चांगली बातमी म्हणायचं?

पिक्सेलराव : तो पोस्टवाला चुकला, मान्य. पण राग उपग्रहावर का काढताय? हिमालयात ४१५० ते ६००० मीटरच्या पट्ट्यात झाडोरा पसरतोय, हे १९९३ ते २०१८ च्या लँडसॅट या अमेरिकन उपग्रहांच्या चित्रांवरूनच कळलं. तिथे जमिनीवर चौकोन आखून वनस्पती मोजायला कोण जाणार होतं?

सावलीशोध : दोघंही सावली विसरलात. लँडसॅट-५ ची डोक्यावरून जायची वेळ सरकत गेली, सूर्याचा कोन बदलला, उत्तर उतारावरची सावलीही बदलली. आमच्या गटात एका उतारावरची झाडी घटल्याचा नकाशा फिरत होता. उतारानुसार प्रकाशाची दुरुस्ती केली आणि घट गायब! तरी वरिष्ठांनी अहवालात जुनाच नकाशा घातला. अजून संताप होतो.

पिक्सेलराव : एनडीव्हीआय गुणोत्तर आहे, सावली बरीचशी कटते. उगाच घाबरवू नका.

सावलीशोध : नाही कटत हो! दाट सावलीत पोचतो तो विखुरलेला प्रकाश. त्यात अवरक्ताच्या मानाने लाल जास्त, म्हणजे एनडीव्हीआय खालीच येणार. सपाट शेतांवर शिकलेलं गणित कड्यांवर चालवू नका.

पिक्सेलराव : शिकवू नका. दुरुस्ती आम्हीही करतो. ती जास्त झाली की सावलीतला उतार उलट उजळ दिसायला लागतो, त्यावर बोला.

सावलीशोध : साधी कोसाइन पद्धत, म्हणजे नुसत्या सूर्याच्या कोनावरून उजेड वाढवणारी, लावली तर होतं तसं. तेवढं मान्य.

कडेकपारी : मूळ मुद्दा राहिला बाजूला! युरोपातल्या शिखरांवर २००१ साली आखलेले एक-एक मीटरचे चौकोन २००८ साली पुन्हा मोजले, तेव्हा उबेला सरावलेल्या जाती वाढलेल्या सापडल्या. लँडसॅटच्या ३० मीटरच्या एका ठिपक्यात (पिक्सेलमध्ये) हे दिसलं असतं?

पिक्सेलराव : नसतं. जातींसाठी चौकोन लागतात, घ्या. पण अख्ख्या रांगेत मोजायला नेमकं कुठे जायचं, हे ठरवायला ठिपकेच लागणार.

कडेकपारी : मग नकाशाखाली लिहा ना, 'हिरवाई वाढली, जाती तपासलेल्या नाहीत.' एवढी ओळ टाकायला कोणाचं काय जातं?