लहान मुलांना 'जोरात मार' सांगणं चूक आहे का?

तळरेषा
रविवारी आमच्या टेनिस कोर्टवर मुलांचे सामने होते. बारा-तेरा वर्षांच्या एका मुलानं बेसलाइनच्या (कोर्टच्या शेवटच्या रेषेच्या) बरंच मागून, धावता धावता, गुडघ्याएवढ्या उंचीचा बॉल सगळी ताकद लावून मारला. नेटमध्ये. पुढचा पॉइंटही तसाच गेला. बाहेरून वडील ओरडत होते, "अजून जोरात!"

नेट मध्यभागी ९१ सेंमी आणि खांबाशी १.०७ मीटर उंच असते. इतका खालचा बॉल आधी उचलावाच लागतो; सपाट हाणला तर नेट, नाहीतर थेट बाहेर. बॉल आखूड पडलाय, कमरेच्या वर उसळलाय आणि पाय रोवलेले आहेत, तेव्हा खुशाल मारा. एरवी टॉपस्पिननं (बॉलला खालून वर घासून पुढची फिरकी देत) क्रॉसकोर्ट, म्हणजे तिरकं, खेळत राहावं.

१९७५ ची विम्बल्डन फायनल आठवा. कॉनर्स गतविजेता, समोरच्याचा वेग वापरून त्यालाच मारणारा. आर्थर ॲशनं त्याला वेगच दिला नाही. फोरहँडला खाली राहणारे मऊ स्लाइस (उलट्या फिरकीचे फटके) देत राहिला आणि ६-१, ६-१, ५-७, ६-४ जिंकला.

सपाट_फटका
साफ असहमत. ॲश तेव्हा ३१ वर्षांचा होता आणि एरवी जोरातच खेळायचा. हातात जोर होता, म्हणून हवा तेव्हा काढून घेता आला. बाराव्या वर्षापासून 'बॉल आत ठेव' ऐकलेल्या मुलाचा हात आखडतो, तो पुढे सुटत नाही. आणि २००९ चं रोलाँ गारो, म्हणजे फ्रेंच ओपन? तिथे सलग ३१ सामने जिंकलेल्या नदालला सोडरलिंगनं हाणूनच हरवलं ना!

तळरेषा
हो, पण नदालचा टॉपस्पिन खांद्यापर्यंत उसळायचा आणि सोडरलिंग तो वरचा बॉल सपाट मारायचा. मी गुडघ्याच्या बॉलबद्दल बोलतोय.

डावखुरी
तुम्ही दोघं जोर 'लावायचा की नाही' एवढ्यावरच अडलाय. माझी मुलगी दुसरी सर्व्हिस घाबरून हळू करायची आणि हमखास डबल फॉल्ट व्हायचा, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकून पॉइंट जायचा. कोचनी सांगितलं, रॅकेट पहिल्या सर्व्हिसइतकीच वेगात फिरव, फक्त बॉलला खालून वर घास. आता बॉल नेटच्या चांगला वरून जातो आणि झपकन खाली उतरतो. जोर तेवढाच, पण फिरकीत गेलेला. मुलांना हे शिकवायला हवं, आणि तेही लवकर. महिनाभर सर्व्हिस चुकेल, ते घरच्यांनी सोसावं.

सपाट_फटका
हे मात्र पटलं. म्हणजे गप्प करायचं ते वडिलांना, मुलाच्या हाताला नाही. तळरेषा, एक सांगा, त्या मुलाचा स्विंग मोकळा होता का?

तळरेषा
मोकळा होता, अगदी खांद्यापर्यंत पूर्ण. पाय मात्र अजून धावतच होते.